शब्दचर्चा: बॅकअपची तपासणी, पडताळणी आणि चाचणी

प्रश्न

पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवण्याच्या बंदिस्त जागेत) कशा चालवाव्यात, याची मराठी मार्गदर्शिका आम्ही नव्या सहकाऱ्यांसाठी लिहीत आहोत. ‘बॅकअप’, ‘रिस्टोअर’ (बॅकअपमधून डेटा परत आणणे) आणि ‘कंटेनर’ हे शब्द तसेच ठेवायचे ठरले आहे. अडचण ‘चेक’, ‘व्हेरिफाय’ आणि ‘टेस्ट’ या तिघांची आहे. मसुद्यात त्यांच्यासाठी कुठे तपासणी, कुठे पडताळणी, तर कुठे चाचणी असे मनाला येईल तसे लिहिले गेले आहे. शिवाय बोलताना आम्ही सगळेच ‘कंटेनर मारला’ म्हणतो. ते लेखी मजकुरात चालेल का?

प्रतिसाद १

हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, कारण ज्या कामांना ते लावायचे आहेत ती कामेच वेगळी आहेत.

पीजीबॅकरेस्ट या पोस्टग्रेसच्या बॅकअप-साधनात ‘चेक’ ही आज्ञा दिली की ते पोस्टग्रेसला चालू वॉल फाइल (डेटातील बदलांची नोंदवही) बदलायला लावते आणि ती फाइल संग्रहात पोहोचते की नाही याची वाट पाहते. येथे बॅकअप पाहिला जात नाही, व्यवस्था पाहिली जाते. म्हणून ‘तपासणी’ योग्य. ‘पडताळणी’ म्हटले की कागदपत्रांची पडताळणी, जात पडताळणी हे प्रयोग आठवतात. हातातील वस्तू नोंदीशी जुळते का, एवढेच तीत पाहतात. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीत (२०२०) आलेले ‘पीजी_व्हेरिफायबॅकअप’ मुख्यतः हेच काम करते: बॅकअपसोबत लिहिलेल्या मॅनिफेस्टमधील (फाइलींच्या यादीतील) फाइलींची नावे, आकार आणि चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेली ताळ्याची संख्या) ते प्रत्यक्ष फाइलींशी ताडून पाहते. एवढे जुळले तरी बॅकअप रिस्टोअर करून पाहावाच, असे त्या साधनाच्या अधिकृत माहितीतच सांगितले आहे.

ते रिस्टोअर करून पाहणे म्हणजे ‘चाचणी’. शेतकरी पेरणीआधी बियाण्याची उगवण चाचणी घेतो तेव्हा तो पिशवीवरचे लेबल वाचून थांबत नाही. ओल्या गोणपाटात दाणे ठेवून किती उगवले ते मोजतो. डेटाबेसच्या बाबतीत उगवणे म्हणजे कोऱ्या कंटेनरमध्ये बॅकअप रिस्टोअर होणे, त्यावर सर्व्हर सुरू होणे आणि बॅकअपपूर्वी मुद्दाम घातलेल्या ओळी क्वेरीला परत मिळणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा असे आढळले की डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असताना बॅकअप घेणारे पीजी_डंप ९.२ चे चालत होते, त्यामुळे रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता आणि त्याच्या अपयशाच्या ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. तेथे पडताळायलाच काही नव्हते. नेमाने चाचणी होत असती तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते.

जाता जाता एक गोष्ट: ‘युनिट टेस्ट’साठी शब्द शोधत बसू नये. शाळेतील ‘घटक चाचणी’ तयारच आहे.

प्रतिसाद २

वरील विभागणी पटली, पण एक आक्षेप आहे. भागाकाराचा पडताळा पाहताना आपण भाजकाला भागाकाराने गुणतो, बाकी मिळवतो आणि भाज्य परत येते का पाहतो. ही उलट क्रिया आहे, आणि रिस्टोअर हीसुद्धा बॅकअपची उलट क्रियाच आहे. मग ‘पडताळा’ हा शब्द रिस्टोअर करून पाहण्यालाच अधिक शोभत नाही का?

प्रतिसाद १ चे उत्तर

आक्षेप रास्त आहे आणि ‘पडताळा’पुरता तो मला मान्य आहे; ‘रिस्टोअर करून बॅकअपचा पडताळा घ्यावा’ हे वाक्य उत्तम मराठी आहे. मात्र ‘पडताळणी’ हे रूप सरकारी वापरामुळे नोंदी जुळवण्याच्या अर्थाला घट्ट चिकटले आहे. मार्गदर्शिकेत एकाच पानावर पडताळा आणि पडताळणी वेगवेगळ्या अर्थांनी आले, तर नवा वाचक हमखास गोंधळेल. म्हणून तेथे चाचणीच बरी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. ‘मारणे’ मात्र राहिले. मसुद्यातील मूळ वाक्य असे आहे: ‘बॅकअपची तपासणी झाल्यावर जुना कंटेनर मारून नवीन कंटेनरमध्ये पडताळणी करावी.’

प्रतिसाद १ चे उत्तर

बोलण्यात आपण कमांडही मारतो आणि रीस्टार्टही मारतो, त्यामुळे ‘कंटेनर मारला’ यातून नेमके काय केले ते कळत नाही. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा ‘स्टॉप’ आधी सर्व्हरला आवरायला सांगतो आणि ठरावीक वेळ (सामान्यतः दहा सेकंद) थांबून मगच बळजबरी करतो. ‘किल’ मात्र एरवी त्याला तेथल्या तेथे संपवतो. पहिल्याला ‘थांबवणे’ आणि दुसऱ्याला ‘मारणे’ असे ठरवून घेतले, तर ‘मारणे’ लेखीही चालेल. बॅकअप अर्धा झालेला असताना कंटेनर मारून तो अर्धवट बॅकअप पूर्ण म्हणून गणला जात नाही ना, ही तर आवश्यक चाचणी आहे, आणि तिच्या वर्णनात ‘थांबवणे’ लिहिले तर चाचणीचा अर्थच जाईल.

‘नवीन’ हा शब्दही अपुरा आहे. कंटेनर नवीन असला तरी त्याला जुने नामांकित व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी डेटाची जागा) जोडलेले असू शकते. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजला (कंटेनर ज्यापासून बनतो त्या साच्याला) डेटा आधीच दिसला, तर ती त्याच डेटावर सर्व्हर सुरू करते. अशा वेळी रिस्टोअरची पायरी चुकून वगळली गेली, तरी जुन्याच ओळी मिळतात आणि चाचणी हिरवी (उत्तीर्ण) दिसते. म्हणून येथे ‘कोरा’ हवा, तोही व्हॉल्यूमला लावून. आणखी एक: या इमेजमध्ये सर्व्हर हीच कंटेनरची मुख्य प्रक्रिया असते, त्यामुळे सर्व्हर थांबला की कंटेनरही थांबतो. पीजीबॅकरेस्टसारख्या साधनाने घेतलेल्या बॅकअपचे रिस्टोअर तर सर्व्हर बंद असतानाच करायचे असते. तेव्हा ‘सर्व्हर थांबवून त्याच कंटेनरमध्ये रिस्टोअर करावे’ असे कुठे लिहिले असेल तर ते काढावे. रिस्टोअरसाठी ते कोरे व्हॉल्यूम जोडलेला वेगळा कंटेनर लागतो.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘बॅकअपची पडताळणी झाल्यावर मूळ कंटेनर थांबवावा, कोऱ्या व्हॉल्यूमवर बॅकअप रिस्टोअर करावा, त्या व्हॉल्यूमसह पोस्टग्रेसचा दुसरा कंटेनर सुरू करावा, आणि बॅकअपपूर्वी घातलेल्या सर्व ओळी मिळाल्या तरच चाचणी उत्तीर्ण समजावी.’