आयझॉलचा तो हंगाम (सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

ए-२०४ : एक विचारायचं होतं. भारताच्या फुटबॉल संघाचे कोच खालिद जमील मुंबईत बरीच वर्षं होते ना? लेक विचारतोय, त्यांनी आधी काय जिंकलंय. फुटबॉलवाले काका, सांगा जरा.

बी-६०१ काका : मुंबईत खेळले आणि मुंबईतच कोच झाले. महिंद्रा युनायटेडकडून खेळायचे. मुंबई एफसीचे बरीच वर्षं प्रशिक्षक होते. पण त्याला सांगायचं असेल तर २०१६-१७ची आय-लीग सांग, म्हणजे तेव्हाची देशाची लीग. आयझॉल एफसी.

ए-२०४ : आयझॉल म्हणजे मिझोरमचं?

बी-६०१ काका : तेच. सविस्तर लिहितो, थांब.

डी-३०२ ताई : काका टाइप करतायत म्हणजे आज जेवणं उशिरा 🙏 लिहा लिहा, आम्हीही वाचतोय.

बी-६०१ काका : २०१५-१६ला आयझॉल शेवटून दुसरा राहून खालच्या श्रेणीत गेला होता. त्याच वर्षी फेडरेशन कपच्या फायनलपर्यंत पोचला, तिथे कोलकात्याच्या मोहन बागाननं ५-० नं हरवलं. म्हणजे टीम वाईट नव्हती, लीगमध्ये टिकली नाही इतकंच. मग गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं.

सी-१०३ : काका, इथे गोव्याची बाजू मांडू द्या. साळगावकर आणि स्पोर्टिंग उगाच नाही बाहेर पडले. देशाचं फुटबॉल फेडरेशन आयएसएलला, म्हणजे नव्या इंडियन सुपर लीगला, वरची लीग करायला निघालं होतं आणि जुन्या क्लबांना खाली बसवणार होतं. साळगावकरनं १९९८-९९ आणि २०१०-११ला देशाची लीग जिंकलीय. धेंपो तर पाच वेळा चॅम्पियन. अशांना तुम्ही दुसऱ्या रांगेत बसा म्हणणार? आमचे मडगावचे मामा अजून या विषयावर आवाज चढवतात.

बी-६०१ काका : मामांचं बरोबर आहे. गोव्याचं त्यात फार नुकसान झालं. मी फक्त दार कसं उघडलं ते सांगतोय.

तर मुंबई एफसीनं २०१६ला खालिदना निरोप दिला. इतकी वर्षं कमी पैशात त्यांनी टीम खाली घसरू दिली नव्हती. ते आयझॉलला गेले. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिकडेच गेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा अल अमना आणि लायबेरियाचा जरयान. बाकी बहुतेक मिझो पोरं.

ए-५०५ : आणि चॅम्पियन? एका वर्षात?

बी-६०१ काका : हो. २२ एप्रिल २०१७, आयझॉलमध्ये मोहन बागान समोर. दोघं गुणांना सारखे. ८३व्या मिनिटाला कॉर्नरवर झोमिंगलियाना राल्टेचं हेडर, १-०. मग ३० एप्रिलला शिलाँगला तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध शेवटची मॅच. बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिकानं गोल मारला आणि आयझॉल मागे. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी बागानची मॅच चालू. ६७व्या मिनिटापर्यंत आयझॉल मागेच होता. मग विल्यम लालनुनफेलानं बरोबरी केली. मी टीव्हीसमोर उभाच होतो, बसवत नव्हतं. १-१ वर संपली. बागाननं चेन्नई सिटीला २-१ हरवलं तरी ३६ गुण, आयझॉल ३७. ईशान्येकडच्या क्लबनं देशाची लीग जिंकायची ही पहिलीच वेळ.

डी-३०२ ताई : अंगावर काटा आला काका.

ए-५०५ : पण नशीब म्हणायचं ना? एकदाच झालं असं.

बी-६०१ काका : नाही रे दादा, इथे मी ऐकणार नाही. मिझोरमनं २०१२ला स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, तिथल्याच केबल चॅनेलवर मॅचेस दाखवल्या. २०१४ला राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली, फायनलला रेल्वेला ३-० हरवून. अकरा लाखांच्या आसपास लोकवस्तीचं राज्य. पोरगं खेळतंय हे गल्लीला माहीत, गल्ली मॅचला जाते. म्हणून कोचला पोरं तयार मिळाली.

आता त्याच हंगामाचा गुणतक्ता खालून वाच. सगळ्यात खाली मुंबई एफसी. खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच पडला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स बालेवाडीला खेळायचा, तोही पुढच्या हंगामात नव्हता. कोच मुंबईचा, राणे मुंबईचा, आणि कप मिझोरमला. मला याचा मत्सर नाही, त्यांनी कमावलाय तो. वाईट याचं वाटतं की मुंबईत कुपरेजच्या मैदानावर मी मॅचला जायचो तेव्हा मोकळ्या खुर्च्या किती असायच्या! तिकीट परवडत नव्हतं असं नव्हतं. शनिवारी रात्री मँचेस्टरची मॅच बघायला आपण जागायचो, चर्चगेटला उतरून चालत जायला जड व्हायचं.

सी-१०३ : हे गोव्यातही झालं काका. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आयएसएलला गर्दी, जुन्या क्लबांना नाही.

ए-२०४ : मग पुढे आयझॉलचं काय झालं?

बी-६०१ काका : खालिद कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबला गेले, अल अमनाही. आयझॉल आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जानेवारी २०१८ला इराणच्या झोब अहानशी खेळला, ३-१ हरला. इराणच्या टीमला तिथे जाऊन गोल मारला, हेही कमी नाही. पण देशाचा चॅम्पियन असून आयएसएलचं दार त्यांना उघडलं नाही. तेव्हा खेळातल्या निकालानं वर-खाली जायची सोय तिथे नव्हती. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

ए-२०४ : लेकाला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय, ते ८३व्या मिनिटाचं हेडर बघायला मिळेल का?

बी-६०१ काका : यूट्यूबवर शोध, आयझॉल मोहन बागान २०१७. नाही सापडलं तर उद्या संध्याकाळी त्याला वर पाठव, मी शोधून ठेवतो. आणि त्याला म्हणावं, हेडरच्या आधी कॉर्नर कसा येतो तेही नीट बघ.

डी-३०२ ताई : आमची दोघंही येतील काका. चहा मी आणते.