दुःखाच्या भूतकथेत भूत दिसावं का?

निशिगंध :
डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ सालची 'द मंकीज पॉ' काल परत वाचली. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : हिंदुस्थानातून आलेला माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुरवतो. म्हातारा व्हाइट दोनशे पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा उरलेला एकुलता मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई येते, बरोबर दोनशे पौंड. पुढे आई नवऱ्याला मुलगा परत मागायला लावते. रात्री दारावर थाप पडते. ती कडी काढायला धडपडते, तेवढ्यात तो तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा.

माझं म्हणणं, घरातल्या मरणाची भूतकथा अशीच हवी. भूत समोर आलं की वाचक त्याच्याकडे बघत बसतो आणि आईबाप बाजूला पडतात. आधी आई हताश होऊन खोलीत परतलेली असते. थाप पडल्यावर म्हणते, दफनभूमी दोन मैलांवर आहे हे मी विसरलेच! पोराला चालत यायला वेळ लागला, एवढंच तिच्या मनात. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

रानवाट :
अजिबात पटलं नाही. न दाखवणं ही लेखकाची सोय असते. टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) घ्या. केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नरने १८५६ मध्ये, पकडले जाताना, लेक पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिला मारलं. कादंबरीचं मूळ तिथे आहे. यातली मेलेली मुलगी तरुण बाई होऊन घरात राहायला येते. खाते, गोड मागते, रुसते. आई आपल्या तोंडचा घास तिला देते आणि स्वतः वाळत जाते. अपराधाचं ओझं माणसाला कसं खातं, ते असं अंगाने दिसतं. नुसत्या थापेवर हे कसं सांगणार?

निशिगंध :
पण ती एका घराची मुलगी राहतच नाही. अर्पणपत्रिकेतच सहा कोटींहून अधिक जिवांचा उल्लेख आहे. एवढ्या मरणांना देह लागेल, हे मान्य. व्हाइटांच्या घरात एकच खुर्ची रिकामी आहे.

माजघर :
तुम्ही दोघंही बापाला विसरलात. गोष्टीत तो म्हणतो, त्याला जाऊन दहा दिवस झाले. मराठी माणसाला हा आकडा वेगळा ऐकू येतो.

माझ्या भावाच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. झाडावर बसलेला, पण खाली येईना. एकेकाने पुढे होऊन हात जोडले. शेवटी काका म्हणाले, "पोरीचं शिक्षण माझ्याकडे लागलं." मग शिवला. आई पिंडाकडे एकटक बघत होती. बाबा मात्र सगळा वेळ नदीकडे तोंड करून उभे होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण अपघातानंतर ओळख पटवायला तेच गेले होते. व्हाइटनेही मुलाला फक्त कपड्यांवरून ओळखलेलं असतं. आईला ते बघावं लागू नये म्हणून तो तिसरी इच्छा खर्च करतो. माझ्या मते गोष्ट त्याची आहे.

रानवाट :
माजघर, बाबांचं वाचून गलबललं. तरी व्हाइटला मी माफ करणार नाही. त्याने बायकोला विचारलं कुठे? ती स्पष्ट म्हणते, ज्याला वाढवलं त्या मुलाला मी भिईन का? मुलगा कसाही आला असता तरी तिने आत घेतला असता. बघायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता.

माजघर :
हो, आईने तेव्हा बघायला मागितलं होतं. आम्ही कोणी तिला जाऊ दिलं नाही.