मदत हवी आहे: आजीची १९१८ ची गिन्नी, मोडीत द्यावी का ग्रेडिंगला पाठवावी?

मंडळी, आजीच्या डब्यात एक गिन्नी सापडलीये, पंचम जॉर्जचं डोकं, मागे घोडा आणि ड्रॅगन, आणि भिंगातून बघितलं तर १९१८ च्या वर जमिनीच्या पट्टीवर बारीकसा इंग्रजी आय (I) दिसतोय, म्हणजे आपल्या मुंबईच्या टाकसाळीतली, तिथे त्या एकाच सालाच्या पाडल्या ना. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. सराफ म्हणतो मोडीचाच भाव मिळेल. पण घोळ असा की कडेला डाग दिल्याची (सोल्डर केल्याची) खूण आहे, कधीतरी माळेत ओवली असणार, वर काकूने हौसेने रिठ्यात ब्रशने घासली (काय बोलणार!). अशा नाण्याला एनजीसी, पीसीजीएसवाले (नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या, म्हणजेच ग्रेडिंगवाले) दर्जाचा नंबर देतात का नंबर न देता नुसतं 'डिटेल्स', म्हणजे खराबी असलेलं नाणं, असं लिहून पाठवतात? ग्रेडिंगचा खर्च तरी निघेल का? इथून कुणी पाठवलंय का?