शब्दचर्चा : हात वर करणे, रडीचा डाव, वयचोरी

प्रश्न : पुतण्या कबड्डीला जातो. रेडरचा हात लागला की तिथली पोरं स्वतःच हात वर करून "लागलं" म्हणतात नि बाहेर जातात. पण एरवी आपण 'त्याने हात वर केले' म्हणतो तेव्हा जबाबदारी झटकली असा अर्थ होतो, हे उलटं कसं काय?

उत्तर : वचन बघा ना. मैदानावर 'हात वर केला', एकच. जबाबदारी झटकताना 'हात वर केले', दोन्ही. पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की पोरगं यातलं काय शिकणार ते बरंचसं कोचवर ठरतं. एक कोच शिट्टीच्या आधी हात वर करणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी देतो, दुसरा सांगतो पंचांनी बघितलं नाही ना मग गप उभा राहा, आणि त्याला नाव देतो 'डोकं लावून खेळणं'. गल्लीत ह्यालाच सगळी पोरं रडीचा डाव म्हणतात, क्लबात आलं की तोच गेम सेन्स होतो! अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मन स्वतःला नैतिकतेतून कसं सोडवून घेतं ते मांडलंय, त्यात वाईट कृतीला गोंडस नाव देणं ही एक ठळक युक्ती आहे. हॉज आणि लॉन्सडेल या संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासात २९२ खेळाडू होते, त्यात कोच खेळाडूला स्वतः ठरवायची मोकळीक देणारा असेल तर सहकाऱ्यांशी चांगलं वागणं जास्त दिसलं, आणि जे दडपणाखाली, कुणासाठी तरी म्हणून खेळत होते त्यांचं वाईट वागणं ह्या सोडवणुकीच्या वाटेनेच जात होतं.

अजून एक : मग क्रिकेटमधलं मांकडिंग (चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजाने धावबाद करणं) पण रडीचा डाव का?

उत्तर : नाही हो, तिथे हा शब्द नको. विनू मंकडांनी १९४७ मधे बिल ब्राऊनला केलं ते नियमात बसणारंच होतं, आणि २०२२ पासून तर ते नियमावलीतही अयोग्य खेळातून काढून सरळ धावबादमधे घातलंय. नियमातलं आहे ते पोरांना उघडपणे शिकवावं. लपवावं लागतं ते रडीचं.

आणि 'वयचोरी', म्हणजे लहान गटात खेळायला खोटं वय दाखवणं, हा शब्द मला खरंच खुपतो. 'खेळाडूची वयचोरी उघड' असं वाचलं की चोर तो पोरगाच वाटतो, पण बारा-तेरा वर्षांचं पोर जन्मदाखला कुठून बदलून आणणार? राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात हेच विचारलं होतं, की आईवडील आणि कोच खोटा दाखला बनवताना मुलगा बघतोय, तर तो काय शिकणार. वय तपासायच्या हाडांच्या चाचणीत एक्स-रे त्या पोराच्याच डाव्या हाताचा निघतो, बंदी त्यालाच. म्हणून माझं म्हणणं, वाक्यात कर्ता घाला : 'कोचने मुलाचं वय चोरलं'. पालक सामील असतील तर तेही लिहा.