इमाम नववींनी खेकडा एका किताबात हराम आणि दुसऱ्या किताबात हलाल कसा लिहिला?

कौशाची लेक

माझं माहेर मुंब्रा-कौशाचं. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मजहबाचे (इस्लामी कायद्याची एक परंपरा). नवरा मराठवाड्यातला, हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबाचा. चार वर्षं झाली, बेलापूरला राहतो. अस्रची (दुपारनंतरची) नमाज मी त्याच्याआधी पढून मोकळी होते, त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते चिंबोऱ्यांवरून.

मागच्या रविवारी दिवाळे कोळीवाड्याहून चांगल्या जड चिंबोऱ्या आणल्या, दादीसारखं नारळाचं कालवण केलं. हनफी खेकडा खात नाहीत हे मला माहीत आहे, त्याच्यासाठी वेगळी डाळ होतीच. तर हा डाळ-भात कालवता कालवता म्हणतो, "तुमच्याच इमाम नववींनी खेकडा हराम लिहिलाय, मिन्हाज उघडून बघ." (नववी म्हणजे तेराव्या शतकातले शाफई धर्मपंडित, मिन्हाज ही त्यांची कायद्याची किताब.)

दादांच्या (आजोबांच्या) किताबांची पेटी भावाकडे असते. त्याला पान शोधून फोटो पाठवायला लावला. ओळ आहे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणारे, म्हणजे बेडूक, खेकडा, साप, हराम. मग ओळखीच्या एका मौलानांना विचारलं, तर ते म्हणाले की याच इमामांच्या मज्मूअ नावाच्या दुसऱ्या किताबात बेडूक सोडून समुद्रातलं सगळं हलाल म्हटलंय.

मला फतवा नकोय, तो विचारायला आमच्याकडे माणसं आहेत. एवढंच समजून घ्यायचंय की एवढा मोठा आलिम एकाच गोष्टीवर दोन तऱ्हेने कसा लिहितो?

घोडबंदरवाला

जुन्या किताबांत नकलाकारांच्या चुका असतात. तसंच काही असेल.

राबोडीचा मास्तर

नकलेची चूक नाही. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. मी आयुष्यभर पोरांना अरबी शिकवली, त्यात मिन्हाजची पानं कितीदा उलटली याचा हिशेब नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, मिन्हाज ही नववींनी कोऱ्या कागदावर सुरू केलेली किताब नव्हे. कझवीनचे शाफई आलिम राफई (मृत्यू १२२६) यांची अल-मुहर्रर नावाची किताब होती. पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती जड जायची, म्हणून नववींनी ती जवळपास निम्म्यावर आणली. जिथे राफईंचं पटलं नाही किंवा काही जोडायचं होतं, तिथे ते 'कुल्तु', म्हणजे 'मी म्हणतो', असं लिहून आपलं म्हणणं मांडतात आणि 'वल्लाहु आलम' (अल्लाहच जाणे) म्हणून थांबतात. भावाला सांगा, खेकड्याच्या ओळीआधी 'कुल्तु' शोध. मिळायचं नाही. राफईंचा मसला (निर्णय) तिथे तसाच पुढे आलाय.

शब्दही फार तोलून वापरलेत. 'अझहर' म्हटलं की मजहबाचे संस्थापक खुद्द इमाम शाफई यांच्या वचनांपैकी जास्त वजनाचं, पण समोरचंही दमदार. 'मशहूर' म्हटलं की समोरचं लेचंपेचं. शाफईंच्या नंतरच्या फकीहांची (कायदेपंडितांची) मतं असली तर हीच जोडी 'असह्ह' आणि 'सहीह' अशी होते. पोरं वैतागायची. मला मात्र एका शब्दात अख्ख्या भांडणाची ताकद सांगणारा हा माणूस फार आवडतो.

मज्मूअचं काम वेगळं. ती शीराझींच्या मुहज्जब या आधीच्या शाफई किताबावरचं विस्तृत भाष्य. तिथे हदीस (पैगंबरांची वचनं) पारखायची, इतर मजहबांचं म्हणणं मांडायचं, मग आपला कौल द्यायचा. तुमच्या मौलानांनी सांगितलेली ओळ तिथलीच, आणि तिला नववींनी 'सहीह, मोतमद' (बरोबर, भरवशाची) असं म्हटलंय. ती त्यांच्याच हातची आहे. मज्मूअ व्याजाच्या प्रकरणाशी आली आणि ते वारले. तकीउद्दीन सुबकींनी पुढे लिहायला घेतलं, त्यांच्याकडूनही पुरं झालं नाही. पण खाण्यापिण्याचं प्रकरण व्याजाच्या आधी येतं.

नववींचा जन्म १२३३, सीरियाच्या हौरानातल्या नवा गावी. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना बाप दमास्कसला घेऊन आला. रवाहिया मदरशातली एक खोली, दिवसाला बारा धडे. इब्न सीनाचा वैद्यकाचा ग्रंथ विकत घेतला, मन उदास झालं म्हणून विकून टाकला. लग्न नाही. १२७७ मध्ये वारले तेव्हा वय चव्वेचाळीस. शरह मुस्लिम, रियाजुस्सालिहीन, चाळीस हदीस (मोजल्या तर बेचाळीस भरतात), रौजा, सगळं लिखाण एवढ्या वर्षांत. सुलतान बैबर्सने लढाईसाठी रयतेकडून पैसा काढायला फतवा मागितला तेव्हा, सांगतात, त्यांनी तोंडावर नकार दिला: आधी तुझ्या गुलामांचे सोन्याचे पट्टे आणि दासींचे दागिने काढ.

आणि खाण्याचंच निघालंय म्हणून. हा माणूस दमास्कसमध्ये राहून दमास्कसची फळं खात नसे. तिथल्या कितीतरी बागा वक्फच्या (धर्मादाय) आणि पोरक्यांच्या मालकीच्या, त्यांचा व्यवहार नीट होतो की नाही याची त्यांना शंका. पण ते स्वतःपुरतं. लोकांनी फळं खाऊ नयेत असा फतवा काही काढला नाही.

नंतर मिन्हाजचे मोठे भाष्यकार रमली (मृत्यू १५९६) यांनी मज्मूअची ओळ समोर असूनही मिन्हाजचीच बाजू धरली. तेव्हा तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच हवेत नाही.

दिवाळे कोळीवाडा

मला मजहबातलं कळत नाही, चिंबोरीचं कळतं. "दोन्हीकडे जगणारा" म्हणताय तर कुठला खेकडा ते आधी ठरवा. शेतातला मुठा वेगळा, खाडीतली चिंबोरी वेगळी. चिंबोरी तिवरांच्या मुळाशी बीळ करते, ओहोटीला चिखलात बसते, बांधून टोपलीत ठेवली तर काही दिवस जगते. पण कल्ले ओले आहेत तोवरच. सुकले की संपली. मला विचाराल तर ती पाण्याचीच. आणि ताई, अमावस्येला घ्या, पौर्णिमेला पोकळ निघते.

राबोडीचा मास्तर

कोळीदादा, वाद नेमका इथेच आहे. आठशे वर्षांपूर्वी दमास्कसला तुम्ही हवे होतात.

कौशाची लेक

सर, भावाने पुन्हा पान उघडलं. 'कुल्तु' नाही. पण पहिल्या फोटोत कापला गेलेला समास आता दिसला. त्या ओळीसमोर पेन्सिलीने दादांच्या अक्षरात एकच शब्द आहे, 'मज्मूअ'. पेटीत मज्मूअ नाही. त्यांनी ती कुठे वाचली कोण जाणे. दादीला विचारलं तर म्हणाली, किताबांचं मला माहीत नाही, चिंबोऱ्या मात्र तेच आणायचे.

नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. रमलींपाशी आल्यावर त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.