काँकॉर्डमधला तिसरा माणूस

काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाची गोष्ट निघाली की त्याच्या वैमानिकांच्या आठवणी सांगितल्या जातात. त्यांत फ्लाइट इंजिनिअरची, म्हणजे कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांसोबत बसून विमानाच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या तिसऱ्या माणसाची, भर घालावीशी वाटते, कारण माझ्या मते खरा तोल तोच सांभाळत असे. ध्वनीचा वेग ओलांडताना पंखांच्या उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो, म्हणून तो पुढच्या टाक्यांतील कित्येक टन इंधन शेपटीकडच्या टाकीत पंपाने पाठवी आणि वेग उतरवताना तेच पुन्हा पुढे आणी. मॅक २ म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला हवेच्या दाबाने व घर्षणाने तापून विमान १५ सेंटीमीटरहून अधिक लांब होई, आणि कॉकपिटमधल्या इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी फट उघडे. २००३ मधील निरोपाच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत ठेवली. विमान थंड होताच ती तिथेच घट्ट अडकून राहिली.