अनुभव धागा : नाव ठाऊक नसलेल्या कलावंतांना प्रथम ऐकले तो दिवस

माळ्यावरची पेटी
घराची डागडुजी काढल्यामुळे गेल्या आठवड्यात माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची ‘कंदिसा’ ही कॅसेट सापडली. २००० साली हा अल्बम निघाला. त्या काळी मी डोंबिवलीहून रोज महाविद्यालयात जात असे आणि चित्रपटगीते, नाट्यगीते व आकाशवाणीवरील भावगीते यांपलीकडे माझ्या कानांवर फारसे काही पडलेले नव्हते. एका मैत्रिणीने ही कॅसेट लोकलच्या गर्दीत माझ्या पिशवीत टाकली आणि ती घाटकोपरला उतरून गेली. शीर्षकगीताचे शब्द अरामी भाषेतील आहेत आणि ते केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजाचे प्रार्थनागीत आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या रात्री मात्र एकही शब्द न समजता मी ते चार वेळा ऐकले. यामागे चित्रपट नाही, नायक-नायिका नाहीत, चार माणसांना हे वाजवावेसे वाटले म्हणून त्यांनी ते वाजवले, ही गोष्टच मला नवी होती.

असे संगीत तुमच्यापर्यंत कोणी पोहोचवले आणि प्रत्यक्ष कोठे ऐकले, ते कृपया लिहावे. कॅसेटची फीत ठिकठिकाणी चिकटलेली दिसते, त्यामुळे ती लावण्याचे धाडस अजून झालेले नाही.

धडगावकर
त्याच अल्बममध्ये ‘मा रेवा’ आहे. या बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते आणि ते गीत नर्मदेच्या पारंपरिक गाण्यावरून आलेले आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातला, नर्मदेच्या काठचा. पुण्याच्या वसतिगृहात माझ्या बोलण्याची नक्कल होत असे, म्हणून मी कमी बोलत असे. एका संध्याकाळी शेजारच्या खोलीतून हे गीत ऐकू आले आणि मी न विचारता आत जाऊन बसलो. रेवा म्हणजे कोण, असे एकाने विचारले, तेव्हा रेवा म्हणजे नर्मदा हे सांगून मी आमच्याकडची दोन गाणी म्हणून दाखवली. त्यानंतर त्या खोलीत माझी नक्कल कोणी केली नाही.

सहा वाजताची फास्ट
वाचताना डोळे भरून आले, दादा. ती दोन गाणी कोठेतरी ध्वनिमुद्रित करून ठेवा, ही विनंती.

धोबीतलाव
आमचे शिक्षण मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात झाले, असे मी मनापासून म्हणतो. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तेथे भरत असे आणि शहरातील महाविद्यालयीन बँड त्या उघड्या रंगमंचावर वाजवत. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवली की टाळ्या हमखास पडत. स्वतः रचलेले गाणे वाजवायचे तर गर्दी मिनिटभरात आपला निर्णय ऐकवत असे. मी १९९७ साली गेलो, तेव्हा एका बँडने तीन लोकप्रिय गाण्यांनंतर भीतभीत आपले एक गाणे वाजवले. मागच्या पायऱ्यांवरून ओरडा सुरू झाला, तरीही त्यांनी ते शेवटपर्यंत नेले. बाकीची तीन गाणी मला आज आठवत नाहीत. ते चौथे मात्र मी अजून गुणगुणतो आणि त्या बँडचे नाव मला आजतागायत सापडलेले नाही. पुढे आसपासच्या रुग्णालयांमुळे व शिक्षणसंस्थांमुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि तेथील रॉकचे कार्यक्रम थांबले. रुग्णांना शांतता हवी, हे मान्यच आहे. पण त्या तोडीची दुसरी स्वस्त जागा शहराने तरुणांना दिली नाही, याचे दुःख आहे.

खर्जातला सा
‘इंडियन ओशन’चे असीम चक्रवर्ती यांना मी दोनदा प्रत्यक्ष ऐकले. ते बैठक मारून तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. तबल्यावरचा हात आणि आवाजातला श्वास एकाच माणसाचा असल्यामुळे सम येताना जी घट्ट गाठ बसे, ती मी अन्यत्र ऐकलेली नाही. डिसेंबर २००९ मध्ये ते गेले. त्यानंतर त्या जागी तबल्याला एक आणि गायनाला दुसरा असे दोन कलावंत आले. मी पुढच्या कार्यक्रमाला जाऊ की नको, या विचारात बराच काळ घालवला आणि अखेर गेलो. त्या दोघांनी त्यांची नक्कल केली नाही, याबद्दल मला फार आदर वाटला.

कन्सोलमागे
मी पुण्यातील लहान प्रायोगिक रंगमंचांवर ध्वनिव्यवस्था पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ओळखीचा कलावंत असला की सभागृह भरते आणि आमचे काम सोपे होते, कारण माणसांची अंगे व कपडे आवाज शोषून घेतात. नव्या कलावंताच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतात, भिंतींवरून आवाज परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि माइक जरा वाढवला की शिट्टी मारतो. म्हणजे ज्याचे शब्द लोकांनी प्रथमच ऐकायचे असतात, त्याचेच शब्द सर्वांत अस्पष्ट पोहोचतात.

साताऱ्याकडची एक मुलगी स्वतःची मराठी गाणी घेऊन आली होती. तिकीट दीडशे रुपये होते, बाहेर पाऊस होता आणि श्रोते सतरा होते. साउंडचेकच्या वेळी तिने मला सांगितले, “काका, आवाजाला घुमारा लावू नका, मी श्वास कोठे घेते ते ऐकू येऊ द्या.” बावीस वर्षांत अशी मागणी मला कोणी केली नव्हती, कारण उणीव झाकण्यासाठी प्रत्येकाला घुमारा हवाच असतो. मी व्यवस्थापकांकडून सतरंज्या मागवून मागच्या भिंतीवर टांगल्या, सतराही जणांना पहिल्या तीन रांगांत बसण्याची विनंती केली, मोठे स्पीकर बंद केले आणि रंगमंचाच्या कडेला दोनच लहान स्पीकर ठेवले. तिने तासभर गायले. एका गाण्यात तिच्या आजीच्या जात्याचा उल्लेख होता आणि गिटारची खालची तार ती अशी घासत होती की दगडावर दगड फिरल्याचा भास व्हावा. ती घासण्याची खरखर इतर कोणत्याही दिवशी मी दोष समजून कापून टाकली असती.

कार्यक्रम संपल्यावर आयोजकांनी खुर्च्या मोजल्या आणि ठरलेल्या मानधनातून निम्मी रक्कम कमी केली. मी भांडलो, पण उपयोग झाला नाही. ती स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने परत गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, तेव्हा साठ श्रोते होते आणि त्यांतील अकरा चेहरे मी पहिल्या खेपेचे म्हणून ओळखले. ते न सांगताच पहिल्या तीन रांगांत जाऊन बसले.

इंद्रायणीकाठ
काका, त्या सतरंज्यांसाठी तुम्हाला नमस्कार.

माझे वडील तीस वर्षे वारी करतात. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्ससह सादर करतो, हे मी त्यांना न सांगताच कार्यक्रमाला घेऊन गेले. पहिल्या अभंगाला ते हाताची घडी घालून बसले होते. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. त्या शेवटच्या चार अक्षरांवर आवाज टेकतो आणि तेथेच अर्थ उतरतो. झपाट्याच्या चालीत बहुतेक गायक नेमके तेच चार अक्षरांचे पाऊल घाईत उरकतात. येथे ड्रम्सनी त्या ठिकाणी जागा सोडली होती. तिसऱ्या अभंगाला वडिलांचे हात सुटले आणि मांडीवर आठ मात्रांचा भजनी ठेका सुरू झाला. परतताना ते एवढेच म्हणाले, “चाल परकी आहे, पण शब्द मोडले नाहीत.” घरी आल्यावर आईला मात्र त्यांनी अर्धा तास वर्णन ऐकवले.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील झाडे रात्रीत तोडली गेली, त्या आठवड्यात एका सहकाऱ्याने ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकवले. रॅप हे माझ्या मुलाचे संगीत, असे मी समजत होते. त्यात आरेच्या पाड्यावरील प्रकाश भोईर यांचा आवाज लागला आणि मी हातातले काम थांबवले, कारण माझ्या आजोळी लग्नात गाणारी माणसे त्याच ठसक्याने गातात. आता मुलगा मला गाणी पाठवतो आणि मी त्याला कळवते की कोणते आवडले व का.

एडिसनहून
आमच्याकडे अमेरिकेत प्रत्यक्ष कार्यक्रम बहुधा प्रस्थापितांचेच होतात, त्यामुळे मी बँडकॅम्पवरून भारतीय कलावंतांचे अल्बम विकत घेते. तेथे डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ साधारण पंधरा टक्के ठेवते, आणि मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडून देते. मी त्या शुक्रवारची वाट पाहते. एकदा एका कलावंताने स्वतः आभाराचे पत्र मराठीत लिहिले. माझ्या नावावरून त्याने भाषा ओळखली होती.

गोदाघाट
अरुणाचलमधील झिरोच्या संगीत महोत्सवाला जाऊन आलो. नाशिकहून रेल्वेने नाहरलागुन, पुढे सामायिक सुमो, शिवाय अरुणाचलचा परवाना आधी काढावा लागतो. २०१२ पासून भरणाऱ्या या महोत्सवाचे रंगमंच तेथील आपातानी जमातीचे कारागीर बांबूचे उभारतात आणि सप्टेंबरअखेर सभोवार भात पिकलेला असतो. तेथे ऐकलेल्या नऊ कलावंतांपैकी आठांची नावे मला आधी ठाऊक नव्हती. परतीच्या प्रवासात वहीत लिहून काढली.

धोबीतलाव
ती यादी येथे द्यावी. मूळ धागाकर्त्या ताईंसाठी : फीत सुटी करण्याची घाई करू नका. कॅसेटच्या कवचाला स्क्रू असतील तर ते उघडून फिरक्या दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. आत फितीखाली एक लहानसा नमद्याचा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबतो.

माळ्यावरची पेटी
मनःपूर्वक आभार. कवचाला स्क्रू होते आणि नमद्याचा तुकडा खरोखरच गळालेला होता. मुलाने एका जुन्या भजनाच्या कॅसेटचे कवच वापरले. पहिली बाजू पूर्ण वाजली, दुसऱ्या बाजूला दोन ठिकाणी आवाज बुडतो. आतल्या कागदावर मैत्रिणीने पेन्सिलीने लिहिले होते, “परत दे.” तिचा क्रमांक आज शोधून काढला आहे. ती सध्या नागपूरला असते.